रांगेत कोण थांबणार?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी पाढे पाठ केले, त्याच शाळेने मला चार शब्द बोलावयास बोलावले, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. सचिवसाहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हटले, जे काम मी रोज करतो त्याबद्दलच बोलेन. त्या कामाचे नाव मात्र लांबलचक आहे. सॉफ्टवेअरने चालविल्या जाणाऱ्या संगणक-जाळ्यांत सेवेची गुणवत्ता राखणे. नाव ऐकून आपण घाबरू नये. यातील मुख्य गोष्ट आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. फक्त ती त्यांनी संगणकावर नव्हे, पोस्टाच्या बाकावर बसून पाहिली आहे.

मी चौथी-पाचवीत असेन. अब्बा मुंबईला नोकरीला होते आणि ते काम करीत त्या पेढीवर टेलिफोन होता. काही निरोप असला की अम्मी मला घेऊन पोस्टात जाई आणि ट्रंककॉल लावी. पलीकडून ऑपरेटर विचारी, "ऑर्डिनरी, अर्जंट की लायटनिंग?" अम्मी नेहमी ऑर्डिनरी म्हणे, कारण त्याचा दर सर्वांत कमी. मग आम्ही बाकावर बसत असू. कधी एक तास, कधी तीन तास, आणि कधी संध्याकाळी पोस्टमास्तर खिडकी बंद करताना सांगत, "आज काही लागत नाही, उद्या या." नानी फार आजारी पडली त्या दिवशी अम्मीने प्रथमच "अर्जंट" असा शब्द उच्चारला. कॉल वीस मिनिटांत लागला.

मी तेव्हा समजलो की पैसे जास्त दिले म्हणून तार जाड झाली. ते खरे नव्हते. तार तेवढीच होती. आमचा कॉल पुढे गेला म्हणजे आमच्यासारख्याच कुणाचा तरी ऑर्डिनरी कॉल मागे गेला. कोणत्या तरी दुसऱ्या गावच्या पोस्टात कोणी आई आपल्या मुलाला घेऊन आणखी थोडा वेळ बसून राहिली असेल. आज पंचवीस वर्षे मी जाळ्यांचे काम करतो आहे आणि त्या विषयाचे मर्म मला अजूनही एवढेच दिसते. तार भरलेली असताना कोणी थांबायचे, हे ठरविणे.

आता आजच्या तारेकडे वळू. तिच्यावरून आवाज, चित्र, पत्र, पैसे, परीक्षेचा अर्ज, सर्व काही एकाच प्रकारे जाते. प्रत्येक गोष्टीचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. मोठे पॅकेट साधारण १५०० बाइटचे असते. पॅकेटे वाटेतल्या स्विचवर येतात आणि पुढची तार मोकळी नसेल तर तेथे रांगेत उभी राहतात. रांग भरली की नवीन आलेले पॅकेट टाकून दिले जाते. सेवा चांगली की वाईट हे चार गोष्टींवरून ठरते. सेकंदाला किती माल जातो, एका पॅकेटला पोहोचण्यास किती वेळ लागतो, तो वेळ किती कमीजास्त होतो, आणि किती पॅकेटे वाटेत हरवतात. प्रत्येक कामाची गरज निराळी. सिनेमा उतरवून घेणाऱ्याला वेग हवा, पण दोन सेकंद उशीर झाला तर त्याचे काही बिघडत नाही. बोलणाऱ्याला वेग अगदी थोडा पुरतो, उशीर मात्र चालत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा. त्याहून फार उशीर होऊ लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात.

विद्यार्थ्यांनी येथे वही काढावी, कारण हा हिशेब आपण स्वतः करून पाहण्यासारखा आहे. टेलिफोनच्या साध्या पद्धतीने आवाज पाठविला तर सेकंदाला ५० पॅकेटे निघतात आणि सर्व वेष्टनांसह सुमारे ८७ हजार बिट लागतात. समजा आपल्या शाळेची तार सेकंदाला १ कोटी बिटची, म्हणजे १० एमबीपीएसची आहे. भागाकार केला तर तीवरून शंभराहून अधिक संभाषणे एकाच वेळी जावयास हवीत. मग एकाने मोठी फाइल पाठवायला घेतली की एकुलते एक संभाषण तुटक का होते?

कारण रांग. १५०० बाइट म्हणजे १२ हजार बिट. १० एमबीपीएसच्या तारेवर एक मोठे पॅकेट बाहेर पडण्यास १.२ मिलिसेकंद लागतात. फाइल पाठविणारा संगणक रांग भरेपर्यंत पॅकेटे ढकलीत राहतो. रांगेत अशी १००० पॅकेटे मावत असतील, आणि पुष्कळ यंत्रांत मावतात, तर शेवटी आलेल्या आवाजाच्या पॅकेटला १.२ सेकंद, म्हणजे १२०० मिलिसेकंद थांबावे लागेल. मर्यादा १५० ची आणि थांबणे १२०० चे! आता आवाजाला निराळी रांग द्या आणि ती आधी मोकळी करा. हिशेबाने पाहिले तर आवाजाच्या पॅकेटला फार तर तारेवर आधीच चढलेल्या एका पॅकेटपुरते, म्हणजे १.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. तार तीच, भाडे तेच. फाइल पाठविणाऱ्याला हा फरक कळतसुद्धा नाही. ज्यांना वाटते की प्रत्येक दुखण्याला अधिक महागडी तार हेच औषध, त्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

ही कल्पना नवीन नव्हे. १९८१ साली इंटरनेटच्या पॅकेटाचा नमुना ठरला तेव्हाच त्यात सेवेचा प्रकार लिहिण्यासाठी एक बाइट राखून ठेवला होता. ट्रंककॉलच्या फॉर्मवर ऑर्डिनरी की अर्जंट लिहावे तसेच. १९९४ च्या सुमारास असे सुचविले गेले की प्रत्येक संभाषणाने वाटेतील प्रत्येक यंत्रावर आपली जागा आधी आरक्षित करावी. ते लहान जाळ्यात ठीक, पण लाखो संभाषणांची नोंद मधल्या यंत्रांनी ठेवावी कशी? म्हणून १९९८ साली सोपा मार्ग निघाला. पॅकेटावर सहा बिटांची खूण करायची. सहा बिट म्हणजे ६४ वेगवेगळ्या खुणा. आवाजासाठी ४६ ही खूण रूढ झाली. यंत्राने फक्त खूण पाहावी आणि त्या वर्गाच्या रांगेत पॅकेट लावावे.

अडचण राहिली ती माणसांची. जाळ्यातील प्रत्येक स्विच आपल्यापुरता शहाणा. नियम बदलायचा तर प्रत्येकावर जाऊन हाताने लिहायचा. मी नोकरीला लागलो तेव्हा चाळीस स्विचवर एक नियम लिहिण्यास आम्हाला दोन रात्री लागत, आणि एकोणचाळिसाव्यावर झोपेत आकडा चुकला तर तो शोधण्यास तिसरी रात्र. परिणाम असा की सेवेच्या गुणवत्तेची सोय यंत्रात असूनही पुष्कळ ठिकाणी कोणी ती वापरीत नसे.

२००७ आणि २००८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्टिन कसाडो, निक मॅक्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळाच विचार मांडला. पॅकेटे पुढे ढकलण्याचे काम स्विचकडे राहू द्यावे, पण ती कोठे व कशी ढकलायची हा विचार स्विचमधून काढून एका वेगळ्या संगणकावरील प्रोग्रामकडे द्यावा. या प्रोग्रामला कंट्रोलर म्हणतात. कंट्रोलर आणि स्विच यांनी आपसात बोलण्याची जी भाषा त्यांनी ठरविली तिचे नाव ओपनफ्लो. "अशा अशा खुणेचे पॅकेट आले तर असे असे कर", एवढ्या साध्या नियमांचा तक्ता कंट्रोलर प्रत्येक स्विचला पाठवितो. चाळीस शहाणे आणि चाळीस मते, याऐवजी एक वही.

याचा उपयोग केवढा होऊ शकतो हे गूगलने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधावरून जगाला कळले. मोठ्या कंपन्या आपल्या लांब पल्ल्याच्या तारा साधारण ३० ते ४० टक्केच भरून चालवीत, कारण गर्दी झाली तर सर्वांचेच नुकसान. गूगलने आपल्या माहिती-केंद्रांमधील तारा एका मध्यवर्ती व्यवस्थेकडून चालविल्या आणि त्यांतील कित्येक जवळजवळ १०० टक्के भरून वापरता आल्या. हे का जमले? त्यांच्या मालात पुष्कळसा भाग असा होता, जो थांबू शकत होता. एका केंद्रातील साठा दुसऱ्या केंद्रात उतरवून ठेवणे हे काम दहा मिनिटे उशिरा झाले तरी कोणाचे काही अडत नाही. थांबण्यास तयार असलेला कोणीतरी असला म्हणजे तार वाया जात नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी कशी करतात ते सांगतो. हे सर्व एका साध्या लॅपटॉपवर, एकही स्विच विकत न घेता करता येते. मिनीनेट नावाचा मोफत प्रोग्राम संगणकाच्या आतच एक नकली जाळे उभे करतो. त्यात ओपन व्हीस्विच हा स्विच आणि रियू हा कंट्रोलर. रियू हा जपानी शब्द आहे, त्याचा अर्थ प्रवाह. तो पायथन भाषेत लिहिलेला असल्यामुळे अकरावी-बारावीचा विद्यार्थीही त्याचे पान उघडून वाचू शकतो.

प्रथम स्विचच्या बाहेर जाणाऱ्या दारावर रांगा तयार करावयाच्या. प्रत्येक रांगेला दोन आकडे असतात. कमीत कमी किती वेग नक्की मिळेल, आणि जास्तीत जास्त किती घेता येईल. एसटीत राखीव जागा असतात त्या आठवा. ज्याच्यासाठी जागा राखीव तो आला तर बसलेल्याने उठावयाचे, न आला तर जागा रिकामी धावत नाही, दुसरा कोणी बसतो. रांगेचा किमान आकडा अगदी असाच वागतो. मागणी नसेल तेव्हा त्याचा वाटा दुसऱ्या रांगा उसना घेतात. हे समजून न घेता पुष्कळ लोक कुरकुर करतात की आवाजाला २ एमबीपीएस राखून ठेवले म्हणजे तेवढी तार फुकट गेली. फुकट काही जात नाही.

त्यानंतर कंट्रोलरवर नियम लिहावयाचा. ४६ ची खूण असलेले पॅकेट रांग क्रमांक एकमध्ये, बाकीचे रांग क्रमांक शून्यमध्ये. येथे एक खड्डा आहे, ज्यात प्रत्येक नवशिका पडतो. मीही पडलो होतो. ओपनफ्लोचा नियम रांगेचा क्रमांक फक्त सांगतो, रांग तयार करीत नाही. ती स्विचवर वेगळ्या मार्गाने आधीच तयार करावी लागते. रांग नसतानाच नियम लिहिला तर स्विच तक्रार करीत नाही, मुकाट्याने पॅकेट नेहमीच्या रांगेत घालतो. पडद्यावर नियम बरोबर दिसतो आणि आवाज मात्र पूर्वीसारखाच तुटत राहतो.

तिसरी गोष्ट, खुणेवर विश्वास कोणाच्या ठेवावयाचा? ४६ ची खूण कोणीही आपल्या पॅकेटावर करू शकतो. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने आपल्या खेळाच्या पॅकेटांवर ती केली तर? म्हणून शहाणा माणूस बाहेरून आलेली खूण दारातच पुसतो आणि पॅकेट कोठून आले, कोठे चालले हे पाहून स्वतः नवीन खूण करतो. शिवाय २०१२ च्या ओपनफ्लो १.३ या आवृत्तीपासून मीटर नावाची सोय झाली आहे. एखादा प्रवाह ठरलेल्या वेगापलीकडे गेला तर जादा पॅकेटे टाकून द्यावीत किंवा त्यांची खूण उतरवावी, असे मीटरला सांगता येते.

शेवटी परीक्षा. तार मुद्दाम भरून पाहावयाची. आयपर्फ नावाचा लहानसा प्रोग्राम हवी तेवढी गर्दी तयार करतो. रिकाम्या तारेवर प्रत्येक मांडणी उत्तीर्ण होते. रांगेचा प्रश्न रांग लागल्यावरच कळतो.

आता माझ्या एका चुकीची हकीकत सांगतो. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या ठिकाणाचा नव्हता. २०२२ साली एका महाविद्यालयाच्या जाळ्याची अशीच मांडणी मी केली. चौदा स्विच, एक कंट्रोलर, बाहेर जाणारी तार २० एमबीपीएसची. मला सांगितले गेले की चित्रसभा अडखळता कामा नयेत. मी त्यांच्या रांगेला २० पैकी १६ एमबीपीएस राखून दिले आणि बाकी सर्व "इतर" या रांगेत घातले. त्या दिवशी टाळ्या पडल्या.

पुढे परीक्षेचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आला. त्याच दुपारी तीन दालनांत चित्रसभा चालू होत्या आणि त्यांनी आपला वाटा पुरेपूर घेतला. उरलेल्या ४ एमबीपीएसमध्ये शेकडो मुलांचे मोबाइल आणि त्यांतच अर्ज. अर्जासोबत छायाचित्र आणि सही पाठवावी लागे. ते अर्ध्यावर जाऊन परत येई. मुले पुन्हा पाठवीत, गर्दी आणखी वाढे. कार्यालयातील कारकून सर्वांना सांगत होते, "सर्व्हर डाउन आहे." सर्व्हर उत्तम चालू होता. माझ्या कंट्रोलरच्या पडद्यावर प्रत्येक दिवा हिरवा होता, कारण मी जे सांगितले होते तेच तो तंतोतंत करीत होता.

बहुतेक मुलांनी गावातील सायबर कॅफे गाठून रात्रीपर्यंत अर्ज भरले. एक मुलगी राहिली. तिच्या गावची शेवटची एसटी साडेपाचला सुटे. दुसऱ्या दिवशी तिचे वडील विलंब शुल्क भरण्यास आले तेव्हा मी कार्यालयात होतो. त्यांनी घडी घातलेल्या नोटा रुमालातून काढून मोजल्या. ते कोणावर रागावले नाहीत, तारीख चुकल्याबद्दल मुलीचीच समजूत काढीत होते. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि मी सांगितलेही नाही. ते सांगावयास हवे होते, असे मला आज वाटते.

दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. अर्ज ज्या पत्त्यावर जातात तो पत्ता ओळखून त्यासाठी तिसरी रांग केली, तिला ३ एमबीपीएस किमान दिले, चित्रसभांची कमाल १० वर आणली, आणि परीक्षेच्या तारखांना ही रांग आपोआप मोठी व्हावी असा नियम कंट्रोलरमध्ये लिहिला. एका खोलीतून चौदाही स्विच क्षणात बदलले. हाच या पद्धतीचा गुण. पण हेही लक्षात घ्या की माझी पहिली चूकसुद्धा चौदाही स्विचवर तशीच क्षणात पोहोचली होती. पूर्वी हाताने लिहिताना निदान चाळिसातले चार तरी चुकून बरोबर राहत! आता मी कोणत्याही ठिकाणी पहिला दिवस यंत्रांजवळ घालवीत नाही. कारकून, ग्रंथपाल, वसतिगृहाचे अधीक्षक आणि मुले यांना विचारीत फिरतो. तुमचे कोणते काम कोणत्या तारखेला अडून चालणार नाही? ही यादी मला कोणत्याही पुस्तकात मिळालेली नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगावयास हव्यात, नाहीतर आपण उद्याच संस्थेच्या सचिवांना घेराव घालाल. आपली सत्ता आपल्या जाळ्यापुरती. पॅकेट बाहेर इंटरनेटवर गेले की आपली खूण कोणी पाळीलच असे नाही, वाटेत ती बहुधा पुसलीच जाते. दुसरे असे की रांग जेथे अरुंद जागा असेल तेथे लागते. शाळेच्या आतल्या तारा १०० एमबीपीएसच्या आणि बाहेरची १० ची असेल, तर खरी रांग बाहेरच्या कंपनीच्या पेटीत लागते आणि आपली सुरेख रांग रिकामी राहते. त्यावर उपाय असा की आपणच आपला वेग ९.५ वर बांधून घ्यावा. थोडे सोडले म्हणजे रांग आपल्या अंगणात येते आणि तिला शिस्त लावता येते. आणि तार मुळातच गरजेच्या निम्मी असेल तर कोणतीही व्यवस्था पुरी पडणार नाही. तेथे पैसेच खर्च करावे लागतील.

पालकांपैकी कित्येकांनी मला चहाच्या वेळी विचारले, "या कामासाठी मुलामुलींनी काय शिकावे?" मोठी पदवी तर हवीच, पण आरंभ तिच्यावाचूनही होतो. द्विमान पद्धतीचे गणित नीट यावे. ४६ म्हणजे १०१११० हे बोटांवर मांडता यावे. लिनक्सची ओळख आणि थोडे पायथन. बाकी सर्व साहित्य मोफत मिळते. इंग्रजीची भीती मात्र काढावी लागेल, कारण मार्गदर्शिका सर्व इंग्रजीत आहेत. ही भीती मला पुण्यात पहिली दोन वर्षे छळीत होती आणि ती शब्दकोशाने गेली, हुशारीने नव्हे. मुलींच्या पालकांना एवढेच सांगतो की या क्षेत्रात माझ्या हाताखाली काम शिकून माझ्या पुढे गेलेल्या तिघींपैकी दोघी आपल्याच जिल्ह्यातल्या आहेत.

मी बरोबर दोन लॅपटॉप आणले आहेत. बक्षीस-समारंभ झाल्यावर संगणक-कक्षात एकावर रांगेवाचूनचे जाळे आणि दुसऱ्यावर रांगा लावलेले जाळे चालू ठेवीन. दोन्हींवर एकच मोठी फाइल जात असेल, आणि आपण दोन्हींवर बोलून पाहावे. आठवी-नववीच्या मुलांनी पुढे उभे राहावे. रांगेचे आकडे बदलण्यास मला दोन हात कमी पडतील.